तेवीस माणसांचा फोटो

बिलारू, व्हिक्टोरिया
३ मे १९९८

आदरणीय पिसिला आत्या,

तुम्ही आणि काका बरे असाल. हे पत्र मी बाबांना न सांगता लिहितेय. ते या विषयावर तुम्हाला एक ओळ लिहिणार नाहीत. बहिणीच्या कानावर घरची लाज घालायची नाही, हे त्यांचं तुम्हाला माहीतच आहे. म्हणून मीच धिटाई करतेय. रागावू नका.

मंगळवारी गावातल्या प्रत्येक पत्रपेटीत एक पत्रक पडलं. त्याची प्रत सोबत ठेवली आहे. फोटो आपल्या घराचा आहे, फेब्रुवारीतला, आजीच्या मर्तिकाच्या दिवसाचा. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘एका घरात तेवीस. उद्या तुमच्या शेजारी?’ खाली सही ‘आपलं गाव समिती’ची. घरात मर्यादेपेक्षा जास्त माणसं राहतात म्हणून आपल्याला बाहेर काढावं, असा त्यांचा नगर परिषदेकडे अर्ज आहे. सुनावणी सोळा जुलैला आहे.

शाळेत यंदा मिस्टर पेट्राकिस आम्हाला हेच शिकवतायत, चित्र माणसाला कसं पटवतं ते. निबंधासाठी हेच पत्रक घेऊ का, म्हणून मी विचारलं. त्यांनी दोनदा विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, नक्की. तेव्हापासून मी ते पत्रक पुस्तकात घालून फिरतेय आणि रोज त्यात काहीतरी नवीन सापडतंय.

मुळात फोटो रंगीत असणार. त्यांनी तो काळापांढरा करून इतका गडद केलाय की डोळेच दिसत नाहीत. डोळे नसले की माणूस माणूस राहत नाही, नुसता आकडा होतो. फोटो कुंपणाच्या जाळीतून काढलाय, त्यामुळे आपण सगळे पिंजऱ्यात असल्यासारखे वाटतो. कमरेला बांधलेल्या शोकाच्या चटया फाटक्या गोणपाटासारख्या दिसतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सगळे डावीकडे बघतायत, पण डावीकडे काहीच नाही, कागदाची कड. त्यामुळे वाटतं, ही रिकामटेकडी माणसं उन्हात उभी राहून शेजारच्यांच्या दारात डोकावतायत. मीही आहे त्यात. पाठमोरी, हातात तारोच्या कंदांचं पातेलं.

आमच्या घरी सात जण राहतात, आत्या. तेवीस नाही.

तुम्ही त्या दिवशी इथेच होतात. कुंपणाजवळ कॅमेरा घेतलेलं कोणी दिसलं का? नीट आठवून लिहा.

तुमची,
मेलेनाइते


नेइआफू, वावाऊ बेटं
१९ मे १९९८

नाइते,

पत्र मिळालं. पुढच्या वेळी पाकिटावर फक्त माझं नाव घाल. काकांनी चर्चचं टपाल समजून जवळजवळ फोडलंच होतं.

तू हुशार आहेस. नाव मी ठेवलंय तुझं, तेव्हा त्यात माझाही वाटा आहे. पण फोटो कोणी काढला याच्यामागे लागू नकोस. मर्तिकाला शंभर माणसं येतात, कोणाकोणाच्या हातात कॅमेरे असतात. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला काही आठवत नाही.

फोटो मात्र बघितला. तुझी आई तोंडावर हात धरून उभी आहे ते बघवत नाही. तिला सांग, पिसिलानं तुझ्यासाठी प्रार्थना केली. सासूसाठी इतकं कोण रडतं?

सुनावणीचं तुझ्या बापावर सोपव. सतरा वर्षांच्या मुलीनं परिषदेपुढे उभं राहायचं नसतं. आणि त्याला हा फोटो परत परत दाखवू नकोस. घरात खरंच सात जण आहात ना? तू फार पटकन लिहिलंस ते.

इकडे रताळी चांगली आली आहेत. थंडीचं पायात मोजे घालत जा.

आत्या


बिलारू
४ जून १९९८

आदरणीय आत्या,

सापडलं! कोणी काढला ते सापडलं.

पत्रकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा डाग आहे. मला तो छपाईचा वाटला होता. शाळेतल्या भिंगातून बघितलं तर ते पान आहे, लिंबाचं. कुंपणाला लागून लिंबाचं झाड फक्त मिसेस हॅचच्या अंगणात आहे. मग मी आमच्या पायरीपासून खांबापर्यंत दोरी लावून कोन बघितला. कॅमेरा त्यांच्या झाडाखाली होता, आणि तोही खाली, कमरेच्या उंचीवर धरलेला. लपवून काढलेला फोटो असाच असतो. आणि समितीचा तो क्लाइव्ह म्हणजे त्यांचा जावई. आता सांगायला काय उरलं?

आजीच्या मर्तिकाला त्यांनी तीन केक पाठवले होते. बाबा सात वर्षं त्यांचं गवत कापतायत.

मी निबंधात हे सगळं लिहिलं. मिस्टर पेट्राकिसनी दहापैकी आठ दिले. शेवटच्या परिच्छेदाखाली लाल शाईत लिहिलंय, ‘चित्र बघणाऱ्यावर काय करतं हे तू छान दाखवलंस. पण काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते चित्रात दिसत नाही. हे तू कुठून आणलंस?’ मला राग आला. पान दिसतंय, कोन दिसतोय, अजून काय हवं?

शनिवारी मी त्यांच्या दारात गेले. त्या कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या.

“नाइते! ये ना आत. आई बरी आहे?”

“तो फोटो तुमच्या अंगणातून काढलाय,” मी म्हटलं.

त्या लाल झाल्या. गळ्यापर्यंत लाल. “कॅमेरा माझाच होता,” एवढंच म्हणाल्या.

“तुमचे केक आम्ही आपल्या माणसाचे म्हणून खाल्ले. आणि तुम्ही कुंपणाआडून आमचं रडणं गावाला वाटलंत?”

त्या काहीतरी बोलणार होत्या. पण हळूच दार लावून घेतलं. निरपराध माणूस असं दार लावतो का?

मी रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. आता आपल्यापैकी कोणी त्यांच्याशी बोलत नाही. बाबांनी त्यांच्या शेडची किल्ली पत्रपेटीत टाकून दिली. त्या दिवशी द्राक्षाच्या छाटणीत त्यांनी बोटावर कात्री मारून घेतली. चार टाके पडले.

घरमालकाची नोटीस आली आहे. सुनावणीत आपल्याविरुद्ध गेलं तर महिन्याच्या आत घर सोडायचं.

मेलेनाइते


नेइआफू
१८ जून १९९८

नाइते,

तुझं पत्र आत्ता वाचलं आणि उभ्याउभ्याच लिहितेय, बोट सुटायच्या आत टपालात पडायला हवं.

डोरीन हॅचला आणखी एक शब्द बोलू नकोस. कोणालाही बोलू देऊ नकोस. तू चुकीच्या माणसाला धरलंयस. मला हे कसं माहीत ते आत्ता विचारू नकोस.

बापाच्या बोटाला हळद नको, डॉक्टरचंच मलम लाव.

आत्या


बिलारू
३ जुलै १९९८

आदरणीय आत्या,

तुमचं पत्र मी दहा वेळा वाचलं. तुम्ही म्हणता विचारू नकोस. तुमचा शब्द या घरात कोणी मोडत नाही, मीही कधी मोडला नाही. आज मोडतेय.

तुमचं मे महिन्यातलं पत्र मी परत काढलं. तुम्ही लिहिलंय, फोटोत आई तोंडावर हात धरून उभी आहे. आत्या, पत्रकातल्या फोटोत आई नाहीच. मी तेवीसच्या तेवीस जणांची नावं लिहून काढली. आई त्यात नाही.

म्हणजे तुम्ही दुसरा फोटो बघितलाय, मोठा, न कापलेला. कुठे बघितलात? कोणी दाखवला? मिसेस हॅचनीच ना? मग त्यांना का वाचवताय?

मीही तुमच्यापासून एक गोष्ट लपवली, ती आता सांगते. घरात सात जण नाहीत. दहा आहोत. द्राक्षतोडणीपासून विलियामी दादा, वहिनी आणि बाळ गॅरेजमध्ये राहतात. पत्रक खोटं आहे असं मी गावभर ओरडते तेव्हा आतून मला घाम फुटतो, कारण ते सगळंच्या सगळं खोटं नाही. तपासनीस आला तर काय करायचं हे कोणाला माहीत नाही. आई दर दोन दिवसांनी गॅरेजमधली गादी गुंडाळते आणि परत पसरते. बाळ रडलं की वहिनी रेडिओ मोठा करते.

सुनावणीत मी बोलणार आहे. बाबांना इंग्रजीत चारचौघांत बोलता येत नाही, ते घामाघूम होतात. माझ्याकडे फक्त तो कापलेला फोटो आहे. पूर्ण फोटो मिळाला तर मी सिद्ध करू शकेन की ते मर्तिक होतं. पोस्टातून फोन कराल असं वाटलं होतं, पण तुम्ही करणार नाही. फोन बाबाच उचलतात.

सोळा तारखेच्या आत तुमचं उत्तर यायचं नाही, मला कळतंय. तरीही लिहितेय.

मेलेनाइते


नेइआफू
९ जुलै १९९८

नाइते,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. तीन आठवडे झाले, मी नीट जेवलेले नाही. काका म्हणतात, पोटात जंत झाले असतील.

तो फोटो मी काढला.

आता सगळं सांगते. मी सिगारेट ओढते. चर्चच्या कारभाऱ्याची बायको, बायकांच्या प्रार्थना मंडळाची प्रमुख, आणि तीस वर्षं लपून सिगारेट ओढते. त्या दिवशी आईला शवागारातून घरी आणायची वेळ चारची होती. मी सकाळपासून चटया पसरत होते. तीन वाजता मी मागच्या फाटकानं डोरीनकडे गेले. तिला आधीच माहीत होतं, आल्या दिवशीच तिनं मला तिच्या शेडमागे पकडलं होतं. तिनं लिंबाखाली खुर्ची दिली. म्हणाली, आईचा फोटो काढायचा असेल तर हा माझा कॅमेरा ठेव. मी तो मांडीवर घेऊन बसले होते.

तेवढ्यात गाडी आली. तासभर आधी.

शवपेटी रस्त्याकडून अंगणात आली आणि तुम्ही सगळे उठून उभे राहिलात. थोरल्या लेकीनं दारात असायला हवं होतं. मी कुंपणापलीकडे होते, तोंडाला वास, बोटांत जळती सिगारेट. सगळ्यांच्या देखत फाटकातून कशी येणार? बघत राहिले. तुझी आई पेटीजवळ तोंडावर हात धरून उभी होती. तुझा बाप एका बाजूनं खांदा देत होता. मला वाटलं, मी तिथे नाही तर निदान हे माझ्याजवळ राहू दे. मांडीवरूनच बटण दाबलं. लपवून काढलेला फोटो असाच असतो म्हणालीस ना, ते बरोबरच होतं. फक्त फोटो नव्हते लपवत. माझी मीच लपले होते.

डोरीननं रोल धुऊन आणला, प्रत आणि निगेटिव्ह मला दिली. तिला इतका आवडला की एक प्रत मागून घेतली आणि फ्रिजवर लावली. मी तिच्याकडून वचन घेतलं, माझ्या भावाला कधी सांगायचं नाही. ती वचन पाळतेय. तुम्ही सगळे तिच्यावर थुंकताय आणि ती वचन पाळतेय. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशीच मी हे लिहायला हवं होतं. मी लिहिलं रताळ्यांबद्दल.

निगेटिव्ह सोबत आहे. डाव्या बाजूला काय होतं ते बघ.

हे पत्र तुझ्या बापाला वाचून दाखव. पूर्ण. एक ओळही गाळू नकोस. मी काकांना आज जेवणानंतर सांगणार आहे.

पिसिला


बिलारू
२६ जुलै १९९८

आदरणीय आत्या,

तुमचं पत्र वीस तारखेला पोचलं. सुनावणी होऊन चार दिवस झाले होते. तेव्हा आधी सोळा तारखेचं सांगते.

सभागृहात बसायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत समिती, मागच्या भिंतीशी आपण. मिस्टर पेट्राकिसनी शाळेचा प्रोजेक्टर आणला होता. मी पत्रक पडद्यावर टाकलं आणि निबंधात लिहिलेलं एकेक दाखवत गेले. डोळे कसे पुसलेत, जाळी कशी पुढे येते, चटया काय आहेत. लोक ऐकतही होते. मग मी म्हटलं, “हे लोक ज्याच्याकडे बघतायत, तेच कापून टाकलंय.”

क्लाइव्ह बसल्या जागेवरून म्हणाला, “काय कापलंय, ते दाखव ना मग.”

माझ्याकडे नव्हतं. कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. बाबा मागे उभे होते, त्यांनी टोपी हातात इतकी पिळली होती की मला तिकडे बघवेना.

“मी दाखवते.”

मिसेस हॅच बाजूच्या दारातून आल्या होत्या. चालायच्या काठीवर जोर देत त्या पुढे आल्या आणि पर्समधून फोटो काढून मिस्टर पेट्राकिसच्या हातात दिला. फ्रिजच्या चुंबकाचा गोल डाग होता त्यावर. प्रोजेक्टरवर तो नीट दिसला नाही म्हणून अध्यक्षांनी हातात घेतला, मग तो सभासदांत फिरला, मग रांगारांगांतून. मी तो सगळ्यात शेवटी बघितला. आत्या, तिथे आजी होती. सगळे आजीकडे बघत होते. बाबा खांदा देत होते. आई होती. डावी बाजू परत आल्याबरोबर तेच तेवीस लोक रिकामटेकडे राहिले नाहीत. एकाच्याही चेहऱ्यात काही बदललं नव्हतं. आणि मी पाठमोरी का, तेही आठवलं, मी पातेलं ठेवायला आत पळत होते.

अध्यक्षांनी विचारलं, “हा फोटो कोणी काढला?”

मिसेस हॅचनी सरळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “मी. माझ्या कॅमेऱ्यानं, माझ्या अंगणातून. माझ्या फ्रिजवरून तो नेऊन, कापून कोणी छापला, तेही मला ठाऊक आहे. तो गेल्या नाताळाला माझ्याच टेबलावर जेवला.”

क्लाइव्ह उठून निघून गेला. त्यांची मुलगीही त्याच्यामागे गेली.

निकाल अर्धाच आपल्या बाजूनं लागला. पत्रक दिशाभूल करणारं आहे असं परिषदेनं लिहून दिलं आणि घर रिकामं करायची मागणी फेटाळली. घरमालकानं नोटीस मागे घेतली. पण तपासनीस आला, आणि मी त्याला गॅरेज उघडून दाखवलं. मला तिथे खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. विलियामी दादा, वहिनी आणि बाळ गुरुवारी मिल्ड्युराला गेले. आई गादी गुंडाळून तिच्यावरच बसून राहिली. दुधाच्या दुकानाच्या दारावर ते पत्रक अजून चिकटवलेलं आहे.

आणि आपल्या लोकांनी काय म्हणावं? “बघा, म्हातारीनंच काढला होता, शेवटी कबूल झाली.” मीही तेच म्हटलं. एकानंही जाऊन त्यांचे आभार मानले नाहीत. मुलगी आता नातवंडांना त्यांच्याकडे पाठवत नाही.

मग तुमचं पत्र आलं.

बाबा आठवडाभर लांबच्या मळ्यावर छाटणीला होते; आज ते आल्यावर मी ते वाचून दाखवलं. एक ओळ गाळली नाही. सिगारेटचं आलं तेव्हा मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, “वाच पुढे. ती पंधरा वर्षांची होती तेव्हापासून मला माहीत आहे.” पण पेटी अंगणात आली तेव्हा तुम्ही कुंपणापलीकडे होतात, हे आलं तेव्हा त्यांनी हात वर केला. मी थांबले. ते बोटावरचा टाक्यांचा व्रण चोळत होते. “मी तिला शोधत होतो,” म्हणाले. “खांद्यावर आई होती आणि मी तिला दारात शोधत होतो. मला वाटलं, तिला सहन झालं नाही.” मग म्हणाले, “तिला लिही, माझा राग नाही. आणि डोरीनकडे आजच जायचं.”

त्यांनी आंघोळ केली, कमरेला चटई बांधली, आजीची बारीक विणीची चटई घडी करून हातात घेतली. मी मागोमाग गेले. ते मिसेस हॅचच्या पायरीखाली ओल्या गवतात मांडी घालून, मान खाली घालून बसले, एखाद्या सरदाराची क्षमा मागायला बसतात तसे. मी शेजारी बसले. दार वाजवायला कोणीच उठलं नाही, पण त्यांनी खिडकीतून बघितलं असावं.

“सेमिसी! काय झालं? पाठ धरली का?”

मला सांगावं लागलं की आमच्यात माफी अशी मागतात, आणि समोरच्यानं उठ म्हटल्याशिवाय उठत नाहीत.

त्या दारात काठीवर उभ्या राहिल्या. “तुझ्या आत्यानं सांगितलं? आपणहून?”

“हो.”

त्या हळूहळू खाली वाकत सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या. श्वास सोडला. “बरं झालं. मला खोटं बोलायची सवय नाही. त्या दिवसापासून छातीत धडधडतंय.” मग माझ्याकडे वळल्या. “तू मला जे बोललीस ना, ते मी विसरलेले नाही.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं.

“पान बघितलंस, कोन बघितलास. मला विचारलं नाहीस. मी काढला का, हे तू विचारलंच नाहीस. तू येऊन सांगितलंस.”

खरं आहे, आत्या. मी विचारलं नव्हतं.

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. बाबांनी दोन्ही हातांनी चटई पुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही, पण विणीवरून बोट फिरवलं आणि कोणी विणली विचारलं. बाबा त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले, इंग्रजीत, “माझी आई.”

“उठ, सेमिसी. गवत ओलं आहे.”

बाबा उठले. म्हणाले, उद्या परत येतो.

“उद्या मला डॉक्टरकडे जायचंय,” त्या म्हणाल्या. दार अर्धं लावलं, मग परत उघडलं. “परवा या. आणि ती चटई घेऊन या.”

परवा म्हणजे मंगळवारी आम्ही जाणार आहोत. आईही येतेय. काकांना सांगितल्यावर ते काय म्हणाले ते लिहा.

तुमची,
मेलेनाइते